गाणं विकत घेतलं, मग ते माझंच ना?

मागच्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की माझ्याकडे विकत घेऊन डाउनलोड केलेली साडेचारशेच्या वर गाणी आहेत आणि ती घाटात रेंज गेली तरी वाजतात, तर त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

ताई, आमच्या पिढीला गाणी विकत घेणं म्हणजे कॅसेट नाहीतर सीडी. नंतर मोबाइलच्या दुकानात वीस रुपये दिले की मेमरी कार्ड भरून मिळायचं. इंटरनेटवर पैसे देऊन एकेक गाणं घ्यायची दुकानं निघाली कशी, आणि फुकट मिळत असताना लोकांनी पैसे का दिले? (कराडचे एक वाचक)

काका, ते मेमरी कार्डवालं दुकान आमच्याही गल्लीच्या तोंडाशी होतं. काचेवर "गाणी भरून मिळतील" असा हाताने लिहिलेला कागद, आत एक पोरगा कार्ड रीडर लावून विचारायचा, नवीन का जुनी, मराठी का हिंदी, भजनं टाकू का, आणि दहा मिनिटांत कार्ड गच्च. घरी येऊन बघावं तर फाइलच्या नावात कुठल्यातरी वेबसाइटचं नाव चिकटलेलं, गायकाच्या जागी "अननोन आर्टिस्ट", आणि संगीतकार, कवी यांचा तर पत्ताच नाही. मला पैशांपेक्षा तेच जास्त लागायचं, की गाणं आलं आणि गाणं करणारी माणसं गळून पडली.

पण तुमचा प्रश्न सुरुवातीचा आहे आणि सुरुवात झाली अमेरिकेत. 1999 च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग नावाच्या बॉस्टनमध्ये कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने नॅपस्टर काढलं. तुमच्या कॉम्प्युटरमधली गाणी मला दिसणार, माझी तुम्हाला, आणि क्लिक केलं की एमपीथ्री फाइल इकडून तिकडे. गाण्यांच्या कंपन्या कोर्टात गेल्या, 2001 च्या जुलैमध्ये नॅपस्टर बंद पडलं, पण तोवर कोट्यवधी लोकांना कळून चुकलं होतं की एका गाण्यासाठी अख्खी सीडी घ्यायची गरज नाही आणि दुकानातही जायची गरज नाही. ती सवय मोडणं कोर्टाच्या हातात नव्हतं.

मग मोठ्या कंपन्यांनी 2001 च्या शेवटी स्वतःची दुकानं काढली, सोनी आणि युनिव्हर्सलचं प्रेसप्ले, आणि वॉर्नर, बीएमजी, ईएमआय यांचं म्युझिकनेट. आता बघा ना, गिऱ्हाइकाला काय माहीत कुठला गायक कुठल्या कंपनीचा, तर एका गायकासाठी हे दुकान आणि दुसऱ्यासाठी ते, वर दर महिन्याला फी, आणि फी थांबली की डाउनलोड केलेली गाणीही मुकी. लोकांनी पाठ फिरवली ते बरोबरच केलं. पैसे देऊन मिळणारा माल फुकटच्या मालापेक्षा वाईट असेल तर कोण घेणार?

28 एप्रिल 2003 ला ॲपलने आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं आणि तिथून चित्र पालटलं. पाचही मोठ्या कंपन्यांची मिळून 2 लाख गाणी एका जागी, कुठलंही गाणं 99 सेंट म्हणजे तेव्हाचे साधारण 47 रुपये, महिन्याची फी नाही, विकत घ्यायच्या आधी 30 सेकंद ऐकून बघा, घेतलंत की आयपॉडमध्ये (ॲपलचा खिशात मावणारा म्युझिक प्लेअर) टाका, सीडीवर उतरवा. तेव्हा ते फक्त ॲपलच्याच कॉम्प्युटरवर चालायचं, तरी पहिल्या आठवड्यात 10 लाख गाणी विकली गेली. ऑक्टोबरात विंडोजवर आलं, फेब्रुवारी 2006 मध्ये 100 कोटींचा आकडा झाला, आणि 2008 च्या एप्रिलपर्यंत अमेरिकेत संगीत विकणारं सगळ्यात मोठं दुकान हेच होतं, सीडी विकणारं वॉलमार्टसुद्धा मागे पडलं.

लोकांनी पैसे का दिले म्हणता, तर मला विचाराल तर लोकांना चोरीची हौस कधीच नव्हती. फुकटच्या गाण्यात खरखर असायची, अर्ध्यातच तुटायचं, नाव एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, कधी गाण्याबरोबर व्हायरस. इथे मात्र गाणं पूर्ण, स्वच्छ, नाव बरोबर, कव्हरचं चित्र बरोबर आणि काम एका मिनिटात. त्याच 2003 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांच्या संघटनेने गाणी शेअर करणाऱ्या 261 साध्या माणसांवर खटले भरले, त्यात एक 12 वर्षांची मुलगीही होती, आणि तरी फुकटचं शेअरिंग थांबलं नाहीच. खटल्यांनी जे जमलं नाही ते चांगल्या दुकानाने बरंच जमवलं, हे मी गेली कित्येक वर्षं सांगतेय.

मी 2004 ते 2008 मध्ये आयट्यून्सवर बरीच गाणी घेतली. आता अँड्रॉइड फोन आहे, जुनी फाइल कॉपी केली तर वाजतच नाही. मी पैसे दिलेत, मग हे असं का? (न्यू जर्सीचे एक वाचक)

दादा, आधी फाइलच्या नावाचं शेपूट बघा. एम-फोर-पी असेल तर ती कुलूपवाली फाइल आहे आणि एम-फोर-ए असेल तर मोकळी. ॲपलच्या त्या कुलपाचं नाव फेअरप्ले. गाणं तुमच्या खात्याशी बांधलेलं, जास्तीत जास्त 5 कॉम्प्युटरवर वाजणार, आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनवर अजिबात नाही. कंपन्यांनी गाणी द्यायलाच ही अट घातली होती, कुलूप नसेल तर गाणी नाहीत.

गंमत म्हणजे हे कुलूप काढा असं जाहीरपणे बोलला तो कुलूप लावणाराच. 6 फेब्रुवारी 2007 ला स्टीव्ह जॉब्सने एक खुलं पत्र लिहिलं आणि त्यातला हिशोब मला आजही तोंडपाठ आहे. तोवर 9 कोटी आयपॉड आणि 200 कोटी गाणी विकली गेली होती, म्हणजे एका आयपॉडमागे सरासरी 22 गाणी. हजार गाण्यांच्या आयपॉडात 22 गाणी कुलूपवाली आणि बाकीची सगळी मोकळी, सीडीवरून घेतलेली नाहीतर इकडून तिकडून आलेली. आणि त्याच कंपन्या 2006 या एका वर्षात 2000 कोटींच्या वर गाणी सीडीवर बिनकुलपाची विकत होत्या. म्हणजे पुढच्या दाराला तीन कड्या आणि मागचं दार सताड उघडं. त्रास कोणाला, तर जो इमानाने पैसे देतो त्यालाच, कार्डात गाणी भरून घेणाऱ्याला कुठलं आलंय कुलूप!

मग ईएमआय तयार झाली, मे 2007 मध्ये त्यांची गाणी कुलपाशिवाय आणि दुप्पट क्वालिटीत, 1 डॉलर 29 सेंटला मिळायला लागली, सप्टेंबरात ॲमेझॉनने तर कुलूप नसलेल्या एमपीथ्रीचंच दुकान काढलं, आणि जानेवारी 2009 मध्ये ॲपलने जाहीर केलं की आता सगळीच गाणी मोकळी. तुमची खरेदी त्याच्या आधीची, म्हणून ती अडकलीत.

आता उपाय. ज्या खात्यातून गाणी घेतलीत त्यानेच कॉम्प्युटरवर आयट्यून्स किंवा ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये लॉगिन करा, खात्याच्या मेनूतून कॉम्प्युटर ऑथोराइज करा, गाणं वाजतंय ना बघा. वाजलं की मूळ फाइल बाजूला जपून ठेवा (डिलीट करून टाकू नका, आधी कॉपी!) आणि खरेदीच्या यादीतून तेच गाणं परत डाउनलोड करा, दुकानात ते अजून असेल तर बहुतेक वेळा मोकळी फाइल येते. एखादं गाणं दुकानातून गेलंच असेल तर जुनी पद्धत, ऑडिओ सीडी बर्न करा आणि तीच सीडी परत कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, थोडी क्वालिटी जाते पण गाणं सुटतं. खूप गाणी असतील तर वर्षाला 25 डॉलरवाली ॲपलची आयट्यून्स मॅच ही सेवा एक वर्ष घेऊन सगळी एकदम बदलून घेता येतात. हे या सुट्टीतच करून टाका, खात्याचा जुना पासवर्ड आणि जुना ईमेल हातात आहे तोवर. तुमचं नशीब बरं की तुमचं दुकान अजून चालू आहे. याहूने 2008 मध्ये दुकान बंद केलं, मायक्रोसॉफ्टने आपल्या एमएसएन म्युझिकच्या कुलपांच्या चाव्या देणारे सर्व्हर बंद करायचं ठरवलं, आणि लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे मुदत वाढवून मिळाली.

एमपीथ्री घ्यावं, एएसी का फ्लॅक? कानाला फरक कळतो का? (नाशिक)

कॉम्प्युटर नसलेल्यांनाही कळेल असं सांगते. हे तिन्ही गाण्याची फाइल साठवायचे प्रकार. सीडीवरचं 4 मिनिटांचं गाणं साधारण 42 एमबी होतं. तेच 256 ची (म्हणजे सेकंदाला 256 किलोबिट माहितीची) एएसी केली तर साडेसात-पावणेआठ एमबी, आणि आयट्यून्सच्या सुरुवातीच्या 128 वाल्या फाइलमध्ये चार एमबीच्याही आत. मधलं काय गेलं, तर जे कानाला एरवी ऐकू येत नाही असं गणित सांगतं ते. हे गणित जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी बसवलं. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग त्यांच्यातलेच, त्यांनी सुझान वेगाचं एक वाद्यांशिवाय गायलेलं गाणं घेऊन परत परत तपासलं, कारण नुसत्या उघड्या आवाजात गडबड लगेच पकडली जाते. आपल्याकडे हेच करायचं तर तंबोऱ्यावर नुसता षड्ज लावलेली रेकॉर्ड घ्या, कमी क्वालिटीच्या फाइलमध्ये तंबोऱ्याची जवारी पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येते, ढोलकी-टाळ दणक्यात असले की फारसं काही कळत नाही. म्हणून रोजच्या ऐकण्याला 256 ची एएसी किंवा 320 ची एमपीथ्री बास, आणि ख्याल, सतार, सारंगी यांना फ्लॅक मिळत असेल तर फ्लॅक घ्या. त्यात काहीच कापलेलं नसतं आणि पुढे त्यातून हवी ती छोटी फाइल करता येते.

2012 मध्ये फ्लिपकार्टवर गाणी घेतली होती, ते दुकान कुठे गेलं? आपल्याकडे ही दुकानं का टिकली नाहीत? (कोल्हापूर)

तुम्ही फ्लाइट म्हणताय! मला त्या दुकानाबद्दल अजूनही माया आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये सुरू झालं, गाणं 6 रुपयांपासून, सगळं एमपीथ्री, कुलूप नाही, आणि हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीही होतं. मी पहिली खरेदी केली ती एका जुन्या भावगीतांच्या अल्बमची. त्याची कॅसेट माझ्या आईने इतकी वाजवली होती की एका कडव्यावर फीत ताणली जाऊन आवाज लांबट व्हायचा, आणि डाउनलोड झाल्यावर तेच कडवं सरळ ऐकलं तर मलाच चुकल्यासारखं वाटलं, इतका तो लांबट सूर कानात बसलेला.

2012 च्या डिसेंबरमध्ये आयट्यून्सही भारतात आलं, गाणं साधारण 12-15 रुपयांना. वाटलं आता गाडी रुळावर आली. पण जून 2013 मध्ये, म्हणजे दीड वर्ष व्हायच्याही आधी, फ्लाइट बंद झालं. कंपनीने कारण दिलं ते पायरसीचं आणि छोट्या रकमा सहज न देता येण्याचं, आणि दुसरं कारण तर मी रोज बघत होते. 9 रुपयांच्या गाण्यासाठी कार्डाचा सोळा आकडी नंबर टाका, मग बँकेचा पासवर्ड, मग पेज अडकलं की परत पहिल्यापासून, आणि कार्ड तरी किती जणांकडे होतं हो तेव्हा? यूपीआय आलं 2016 मध्ये. आज टपरीवर 10 रुपयांचा चहा घेऊन लोक स्कॅन करतात, ते चार वर्षं आधी आलं असतं तर हे दुकान जगलं असतं असं मला मनापासून वाटतं, अर्थात सिद्ध कसं करणार.

आणि त्या काळात गाण्यावर पैसे खर्च होत नव्हते असंही नाही, त्याच मंडळींनी कॉलर ट्यूनला महिन्याला 30 रुपये मोजले, कारण ते फोनच्या बॅलन्समधून आपोआप कापले जायचे, आणि गाणं ऐकायचं कोण तर फोन करणारा! त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपन्यांकडेच राहायचा.

एक गोष्ट मात्र नीट बघा. फ्लाइट बंद करताना त्यांनी घेतलेली गाणी उतरवून घ्यायला मुदत दिली, ज्यांनी उतरवली त्यांची आजही वाजतात, माझी वाजतात, कारण कुलूप नव्हतं. त्याच सुमाराला शिंदे बंधूंनी सुरू केलेलं धिंगाणा नावाचं ऐकायचं ॲप होतं, पुण्यात ऑफिस, मराठी गाणी भरपूर, 2014 च्या फेब्रुवारीत बंद पडलं. तिथे लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या होत्या, त्यातलं काय उरलं? काहीच नाही, कारण ऐकणाऱ्याच्या हातात कधी काही दिलेलंच नव्हतं. आपल्या कॉम्प्युटरचे सी आणि डी हे दोन्ही ड्राइव्ह धुंडाळा, फ्लाइटची गाणी कुठल्यातरी डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडलेली असतील.

नातू यूट्यूबवरून एमपीथ्री करून देतो. तो म्हणतो, गायकाला कार्यक्रमांचे लाखो मिळतात, तुमच्या 15 रुपयांनी काय होणार? मला पटत नाही पण उत्तर देता येत नाही. (निवृत्त शिक्षिका, सांगली)

बाई, नातवाचं अर्धं म्हणणं खरं आहे आणि ते मान्य करूनच बोलावं. गाजलेल्या गायकाचं पोट तुमच्या 15 रुपयांवर नाही. पण गाणं काय एकट्या गायकाचं असतं? कवी असतो, चाल लावणारा असतो, आणि ते दोघं कार्यक्रमाच्या स्टेजवर नसतात. एका मराठी गीतकारांच्या घरी मी काही वर्षांपूर्वी गेले होते, नाव सांगत नाही, त्यांनी मला एक पिवळा पडलेला करारनामा दाखवला, चार अंकीसुद्धा नसलेली रक्कम एकदाच देऊन सगळे हक्क कायमचे कंपनीकडे. त्या गाण्यावर आजही लग्नात लोक नाचतात. ते काही तक्रार करत नव्हते, कागद दाखवून परत घडी घालून ठेवला, बस्स.

हे बदलावं म्हणून 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तरांनी राज्यसभेत ती लावून धरली होती. तेव्हापासून सिनेमाच्या गाण्याचे कवी आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून दुसऱ्या कुणाला देऊच शकत नाहीत, करारात काहीही लिहून घेतलं तरी. म्हणजे थिएटरबाहेर गाणं जिथे जिथे पैसे मिळवतं तिथे त्यांचा वाटा आला. पण पैसे मिळवले तरच वाटा! नातवाने काढलेल्या एमपीथ्रीतून कुणालाच काही जात नाही, आणि जिथून काढलं तिथली जाहिरातही बुडाली.

नातवाला ओरडू नका. शेजारी बसवा, त्याच गाण्याची विकत घेतलेली फाइल आणि त्याने काढलेली फाइल, एकाच इयरफोनवर लागोपाठ ऐकवा. माझ्या भाचीवर दुसरा कुठलाच उपाय चालला नव्हता, हा चालला. आणि ऐकून झाल्यावर त्याला विचारा, या गाण्याचा कवी कोण. यूट्यूबवरून काढलेल्या फाइलमध्ये ते नाव सापडत नाही.

मी गोव्यात राहतो, मराठी आणि कोंकणी गाणी स्वतः करतो. थेट विकायची आहेत, कुठे आणि कशी? (म्हापसा)

भाऊ, तुमच्यासारख्यांसाठी मला सगळ्यात बरी वाटते ती बँडकॅम्प ही गाणी विकायची वेबसाइट. 2008 पासून चालू आहे, किंमत तुम्ही ठरवायची, "हवे तेवढे द्या" असंही ठेवता येतं, डिजिटल विक्रीतले 15 टक्के ते घेतात, विक्री 5000 डॉलरच्या वर गेली की 10, आणि पैसे देण्या-घेण्याचे चार्जेस वेगळे. घेणाऱ्याला एमपीथ्री, फ्लॅक जे हवं ते मिळतं. 2020 च्या मार्चमध्ये करोनात कार्यक्रम बंद पडले तेव्हा त्यांनी ठरावीक शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडायला सुरुवात केली, त्या दिवशी गाणं काढलंत तर फायदा. अडचण अशी की पैसे येतात पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेने, आणि पेपॅलने 2021 पासून भारतातल्या भारतात व्यवहार थांबवलेत, म्हणजे दुबई, लंडन, लिस्बनमधला गोवेकर तुमचं गाणं सहज घेईल आणि शेजारच्या पेडण्यातल्या माणसाला घेता येणार नाही. त्या शेजाऱ्यासाठी वेगळी सोय करा, यूपीआयने पैसे घेऊन गूगल ड्राइव्हची लिंक पाठवणारे माझ्या ओळखीत तीन-चारजण आहेत आणि त्यांचं बरं चाललंय.

काही गोष्टी आधीच करून ठेवा. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, वेव्ह किंवा फ्लॅक फाइलमध्येच ठेवा, एमपीथ्रीवरून परत चांगली फाइल होत नाही. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नंबर घ्या, भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संघटना देते, पुढे कुठेही वाजलं तरी गाणं तुमचं म्हणून ओळखू येतं. घुमट वाजवणाऱ्यापासून कोरसच्या मुलींपर्यंत सगळ्यांची नावं टाका, देवनागरीत टाका. आणि दुसऱ्याचं गाणं स्वतः गाऊन विकायचं असेल तर परवानगीशिवाय नाही, चाल आणि शब्द तुमचे नाहीत.

हे सगळं परदेशातल्याच लोकांनी केलं असं नाही. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी 2003 मध्ये, म्हणजे आयट्यून्स उघडलं त्याच वर्षी, अंडरस्कोर रेकॉर्ड्स सुरू केलं, कलाकारांनी स्वतःचं संगीत स्वतःच्या अटीवर इंटरनेटवरून लोकांपर्यंत न्यावं म्हणून. ते बघून घ्या, कलाकाराने दुकान चालवलं की माहिती किती आदराने लिहिली जाते ते कळेल.

माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या लॅपटॉपवर आयट्यून्सवर घेतलेली शंभरेक गाणी आहेत. मुलगा म्हणतो खातं बंद झालं की गाणी जातील. ती माझी नाहीत का? (ठाण्याच्या एक वाचक)

ताई, तुमच्या पत्रासाठीच मी या वेळचा मथळा तसा दिलाय. कागदावर बघाल तर ॲपलच्या अटीत गाणं "विकलेलं" नसतं, वापरायची परवानगी दिलेली असते आणि ती त्या खात्यापुरती. माणूस गेल्यावर घरच्यांना खातं उघडता यावं म्हणून 2021 च्या शेवटी त्यांनी लेगसी कॉन्टॅक्टची सोय केली, त्यात फोटो, मेसेज, फाइली मिळतात, विकत घेतलेली गाणी आणि सिनेमे मिळत नाहीत. मला हे अजिबात मान्य नाही. कपाटातल्या कॅसेट बायको-मुलांच्या होतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पण घाबरू नका. 2009 नंतरची खरेदी असेल तर फाइली मोकळ्या आहेत, खातं बंद झालं तरी लॅपटॉपवर उतरवलेलं गाणं वाजत राहणार. फक्त ते खरंच लॅपटॉपवर आहे ना हे आधी बघा, गाण्याच्या नावासमोर ढगाचं चित्र दिसलं तर ते अजून उतरवलेलं नाही, त्यावर क्लिक करून खाली घ्या, खातं चालू आहे तोवरच. मग म्युझिकचं अख्खं फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर कॉपी करा, एक तुमच्याकडे, एक मुलाकडे, आणि एखादं गाणं दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाजवून खात्री करून घ्या. लॅपटॉप विकू नका, फॉरमॅट करू नका, निदान हे होईपर्यंत तरी.

आणि अजून एक. आयट्यून्समध्ये कुठल्याही गाण्यावर राइट क्लिक करून माहिती उघडा आणि फाइलचा टॅब बघा. तिथे घेणाऱ्याचं नाव आणि खरेदीची तारीख लिहिलेली असते, ती फाइलच्या आतच असते, कॉपी केली तरी जात नाही. शंभरही गाण्यांवर त्यांचं नाव असेल, आणि कुठलं गाणं त्यांनी कुठल्या दिवशी घेतलं तेही.